सागाच्या पानावरचा मिलिमीटरभर कप: नाव कसं काढायचं?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात काटोल रोडवरच्या तुमच्या शाळेच्या कुंपणालगत सागाची झाडं आहेत. ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागून उघडल्यावर सातवीच्या मुलींना पाचोळ्यातल्या पानांच्या मधल्या शिरेवर पांढरट, मिलिमीटरभर कप दिसले. तुम्ही मोबाइलला भिंग लावून फोटो काढले, ओळख सांगणाऱ्या ॲपने तीन फोटोंना तीन वेगळी नावं दिली, आणि आता मुली विचारताहेत, "मॅडम, याचं खरं नाव काय?"

फोटोवरून मला सांगता येतं ते एवढंच: बहुधा हा लॅक्नम या कपबुरशींच्या प्रजातीतला (म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटातला) किंवा तिच्या अगदी जवळच्या नात्यातला कप असावा. बाहेरून पांढरी लव, काठावर त्याच लवेची झालर, खाली आखूड देठ, आत साईच्या रंगाची गुळगुळीत थाळी. ही चारही लक्षणं तुमच्या दुसऱ्या फोटोत दिसतात. पण जातीचं नाव मी फोटोवरून देणार नाही. कुणी दिलं तर घेऊ नका. या बुरशींचं नाव कपाच्या तोंडावळ्यात नसतं. तो कुठल्या पानाच्या कुठल्या भागावर बसलाय आणि जिवंतपणी त्याच्या आत काय दिसतं, या दोन गोष्टींत ते असतं. पहिली नोंद तुमच्याकडे अर्धी आहे. दुसरी गोष्ट हाताशी असलेल्या शालेय मायक्रोस्कोपवर जमण्यासारखी आहे. कशी, ते सविस्तर लिहितो.

आधी खात्री करा की हा बुरशीचा कपच आहे. पाचोळ्यात कपासारखं दिसणारं बरंच काही असतं आणि माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. शिकवायला लागलो तेव्हाची गोष्ट. सेमिनरी हिल्सच्या उतारावर ओल्या पानावर एक मिलिमीटर उंचीचे, तपकिरी देठाचे, वरून पांढुरके पेले रांगेने उभे दिसले. मी ते सुकवून, 'कपबुरशी' अशी चिठ्ठी लावून पाकिटात ठेवले. दोन वर्षं ते पाकीट तसंच वर्गात दाखवलं. एका विद्यार्थिनीने सुईने एक पेला फोडला तर आतून काळसर भुकटी सांडली. कपबुरशीच्या थाळीवर अशी भुकटी कधीच नसते. ती क्रॅटेरियम नावाची श्लेष्मबुरशी होती, म्हणजे खऱ्या अर्थाने बुरशीसुद्धा नाही. तिच्या कोवळ्या पेल्याला झाकण असतं, ते गळून पडलं की हुबेहूब कप दिसतो, आणि पांढुरकेपणा चुन्याच्या कणांचा असतो. म्हणून पहिली चाचणी सुईची. एक कप सुईच्या टोकाने हलकेच दाबा. काळी किंवा गडद तपकिरी भुकटी निघाली तर विषय बदलला. मऊ मेणासारखं चिरडलं तर पुढे चला.

बाकीचे तोतये लवकर ओळखता येतात. आत मसुरीच्या डाळीसारखे चपटे दाणे असलेला, बोटाच्या पेराएवढा कप म्हणजे सायॅथस, 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात ती बुरशी. ती शेणावर आणि काटक्यांवर जास्त मिळते. पानाच्या आतच काळ्या ठिपक्यासारखी वाढून, वरचं झाकण चांदणीसारखं फाटून उघडणारी ती कॉकोमायसिस आणि तिची भावंडं. त्यांचा कप पानावर बसलेला नसतो, पानात रुतलेला असतो. हिरव्या, जिवंत पानावर कप दिसले तर ती तांबेऱ्याची एखादी अवस्था असू शकते. सागाचा तांबेरा, ऑलिव्हिया टेक्टोनी, आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे, पण तो पिवळी-नारिंगी भुकटी करतो, कप करत नाही.

एक तोतया मात्र कठीण आहे. छत्रीवाल्या बुरशींच्या कुळातल्या काही बुरशींनी छत्री आणि तिच्याखालचे पडदे दोन्ही सोडून दिलेत आणि त्या निव्वळ कप होऊन बसल्यात. त्यांतली लॅक्नेला नावाची बुरशी पांढरी, लवदार आणि लॅक्नमसारखीच मिलिमीटरभर असते. नावंही किती सारखी पाहा. भिंगाखाली या दोघींत फरक करणं मला आजही जमत नाही. मायक्रोस्कोपखाली पहिल्या मिनिटात होतो. लॅक्नमचे बीजाणू लांबट पिशवीच्या पोटात, शेंगेत दाणे असावेत तसे असतात, बहुतेकदा आठ. लॅक्नेलाचे बीजाणू पेशीच्या डोक्यावर, बारीक शिंगांवर बाहेर धरलेले असतात. लॅक्नमच्या त्या पिशवीला ॲस्कस म्हणतात.

आता पान. तुम्ही 'सागाचं पान' लिहिलंय, ते तुम्हाला कसं कळलं हेही लिहायला हवं होतं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग सुटतो हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे, पण मागच्या हिवाळ्यात पडलेल्या, पावसाने कुजलेल्या पानाला ही परीक्षा चालत नाही. तिथे पानाचा आकार, वरच्या बाजूचा खरखरीतपणा आणि खालच्या बाजूची लव पाहायची. अर्धा तुकडाच असेल तर वहीत 'बहुधा साग' असं प्रामाणिकपणे लिहा. कप देठावर आहे, मधल्या शिरेवर, बारीक शिरांवर की शिरांमधल्या पात्यावर, तेही लिहा. अनेक जाती शिरेचा लाकडासारखा कठीण भागच निवडतात. पान कधीचं आहे याचाही अंदाज घ्या. पावसाळ्याच्या उत्तरार्धात अळ्या सागाची पानं खाऊन त्यांची जाळी करतात, तशी यंदाचीच जाळीदार पानं खाली पडलेली असतात. त्यांच्यावरची बुरशी आणि गेल्या माघातल्या काळ्या पडलेल्या पानावरची बुरशी वेगळी असू शकते.

हे इतकं का रेटतो, ते युरोपातल्या एका उदाहरणावरून पटेल. तिथे ॲश नावाच्या झाडाच्या गळून पडलेल्या पानदेठांवर पांढरे, काही मिलिमीटरचे देठदार कप येतात. हायमेनोसायफस अल्बिडस हे त्यांचं जुनं नाव. निरुपद्रवी, पाचोळा कुजवणारी बुरशी. 1990 च्या दशकात पोलंडमध्ये ॲशची झाडं शेंड्याकडून मरू लागली. 2006 मध्ये त्या रोगाच्या बुरशीची कप नसलेली अवस्था वेगळी काढून तिला नाव मिळालं. तिचा कप शोधला तेव्हा तो आधी अल्बिडसचाच वाटला, इतके दोन्ही सारखे. नंतर जनुकांवरून ती वेगळी जात असल्याचं कळलं आणि 2014 मध्ये तिचं आजचं नाव, हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस, रूढ झालं. मूळची ती पूर्व आशियातली, तिथल्या ॲशवर बिनत्रासाने राहणारी. मायक्रोस्कोपखाली दोघींतला ठळक फरक एका जागी सापडतो: ॲस्कसच्या बुडाशी. फ्रॅक्सिनियसमध्ये तिथे आकड्यासारखा वळलेला जोड असतो, अल्बिडसमध्ये बूड साधं असतं. झाडं मारणारी आणि पाचोळा खाणारी, दोघींचा कप एकाच जातीच्या देठावर, एकाच रंगाचा, आणि ओळख एका पेशीच्या बुडाशी. म्हणून तुमच्या मुलींनी पिशवीचं टोक पाहून थांबू नये, बूडही पाहावं.

पान घरी कसं आणायचं? प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात रात्रीत लोकरीसारखी दुसरीच बुरशी चढते. कप असलेला शिरेचा बोटभर तुकडा कात्रीने कापा आणि डब्यात ओल्या टिपकागदावर ठेवा. ओल्या म्हणजे दमट, पाणी साचलेलं नको. कप उन्हात मिटतात, कडा आत वळून पांढरा गोळा दिसतो. असा मिटलेला कप टाकून देऊ नका, दमट डब्यात तासाभरात तो पुन्हा उमलतो. दुसऱ्या दिवशी झाकण उघडताना मुलींना जवळ बसवा, डबा खिडकीच्या उजेडात आडवा धरा आणि काळ्या पुठ्ठ्यासमोर झाकण उघडा. कप पिकलेले असतील तर हवेच्या त्या बदलाने कधी कधी हजारो पिशव्या एकदम फुटतात आणि थाळीतून धुराची एक बारीक रेघ वर जाताना दिसते. धूर बीजाणूंचा असतो. कप लहान असेल तितका धूर दिसणं अवघड, पण एकदा दिसला की मुली जन्मभर विसरत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांत आजही भेटल्यावर पहिलं तेच आठवणारे आहेत.

याच उडण्याचा उपयोग करून घ्या. शिरेचा तुकडा डब्याच्या झाकणाला आतून व्हॅसलीनने चिकटवा, कपांची तोंडं खाली, आणि त्यांच्या खाली सेंटीमीटरभर अंतरावर स्वच्छ स्लाइड ठेवा. रात्रभरात स्लाइडवर बीजाणू पडतात. हे पूर्ण पिकलेले, स्वतःहून सुटलेले बीजाणू. माप घ्यायचं ते यांचंच. पिशवीत अजून अडकलेले बीजाणू बऱ्याचदा कच्चे असतात आणि त्यांची मापं फसवतात.

आता स्लाइड. इथे आपल्या कॉलेजांतली एक सवय मोडायला हवी. बुरशी म्हटली की आपला हात लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रावणाच्या बाटलीकडे जातो. मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. ते द्रावण पेशी मारतं. मेलेली पिशवी आकसते, बीजाणूतले तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात, पिशव्यांमधल्या उभ्या तंतूंतला चमकदार ऐवज नाहीसा होतो. जर्मन बुरशी-अभ्यासक हान्स-ओटो बाराल यांनी 1992 मध्ये हाच मुद्दा जोरकसपणे मांडला: या कपांचं वर्गीकरण जिवंत पेशी पाण्यात पाहून करायला हवं. माझं शिकवणं त्यानंतर बदललं. पहिली स्लाइड नेहमी साध्या पाण्यात. कप ताजा, पान आणल्यापासून शक्यतो एका दिवसाच्या आत. कॉटन ब्लू नंतर, हवंच असेल तर.

कप भिंगाखाली धरून नव्या ब्लेडने वरून खाली उभा चिरा. पातळ काप जमला नाही तरी हरकत नाही, कपाचा चतकोर तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच दाबा. मग 40 च्या भिंगाखाली पाहा आणि मायक्रोस्कोपच्या मंचाखालच्या पडद्याचं (डायफ्रामचं) छिद्र जवळजवळ बंद करा. प्रकाश कमी झाला की कडा उठतात. हे छिद्र उघडं ठेवल्यामुळे किती जणांना लवेवरचे दाणे दिसलेच नाहीत!

कारण लॅक्नमची खरी सही त्या लवेवर असते. कपाच्या बाहेरचा प्रत्येक केस सरळ, आडव्या भिंतींचा, आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक दाणे, जणू ओली सुतळी रव्यात घोळवलीय. टोकाशी कधी स्फटिकांचा झुबका असतो. पिशव्यांमधले उभे तंतू भाल्यासारखे टोकदार असतात आणि पिशव्यांच्या वर डोकं काढतात. केस दाणेदार आणि तंतू भाल्यासारखे, या दोन्ही गोष्टी दिसल्या तर लॅक्नम किंवा त्याचे सख्खे नातलग, हे नक्की. केस गुळगुळीत आणि टोकाकडे निमुळते, कप अर्ध्या मिलिमीटरचा आणि बिनदेठाचा असेल तर हायालोसायफाकडे वळा. केसच नसतील, कप गुळगुळीत देठदार असेल तर हायमेनोसायफस. करडी, चपटी, देठ नसलेली बशी आणि तिच्या बाहेरच्या भिंतीत गोल गडद पेशी असतील तर मॉलिसिया. पारदर्शक मेणासारखा कप, अगदी चिमुकले बीजाणू आणि गोल डोक्याचे तंतू असतील तर ऑर्बिलिया. तिच्या काही जाती मातीतले सूत्रकृमी पकडून खातात, हे मुलींना जरूर सांगा.

एक सावधगिरी फक्त सागासाठी. सागाच्या पानाच्या खालच्या बाजूला स्वतःची लव असते, चांदणीसारखे फाटे फुटलेले केस. कप खरवडताना हे केस स्लाइडवर येतातच. मी परीक्षेत असे कितीतरी कागद पाहिलेत ज्यांत सागाचे केस बुरशीचे म्हणून सुबक काढलेले होते. म्हणून एक स्लाइड कप नसलेल्या पानाच्या तुकड्याचीही करा आणि ती आधी पाहा. फाटे फुटलेला, जाड भिंतीचा केस पानाचा असतो. फाटे न फुटलेला, पातळ, दाणेदार केस कपाचा.

मग आयोडीन. मुलं बटाट्यावर टाकून निळा रंग पाहतात तेच, आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचं पाण्यातलं द्रावण, पण गडद चहाच्या रंगाचं. जखमेला लावायचं औषध वापरू नका. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवा, द्रावण आपोआप आत ओढलं जातं. पिशवीच्या टोकाशी निळा ठिपका किंवा दोन बारीक निळ्या रेघा उमटल्या तर त्या पिशवीच्या टोकाला बीजाणू सुटण्यासाठी असलेल्या छिद्राभोवतीच्या कड्याच्या आहेत. रंग तांबूस आला, अजिबात आला नाही, यालाही तितकंच महत्त्व आहे, जे दिसलं ते लिहा. परदेशी पुस्तकांत मेल्झरचं द्रावण, म्हणजे आयोडीनचंच दुसरं मिश्रण, लिहिलेलं असतं. त्यातलं क्लोरल हायड्रेट मिळवायच्या मागे लागू नका. काही कपांतली तांबूस छटा मेल्झरमध्ये दबून जाते, साध्या आयोडीनमध्ये नीट दिसते.

माप घेण्याशिवाय यातलं काहीच पुढे सरकत नाही. नेत्रभिंगात बसणारी मोजपट्टी आणि एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली स्लाइड लागेल. ही स्लाइड शाळेत नसेल तर जवळच्या सायन्स कॉलेजातून अर्ध्या तासासाठी मागून आणा. समजा 40 च्या भिंगाखाली नेत्रभिंगाचे 25 भाग स्लाइडच्या 6 भागांवर बसले. स्लाइडचा एक भाग 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे 25 भाग 60 मायक्रॉन, म्हणून एक भाग 2.4 मायक्रॉन. बीजाणू चार भाग लांब असेल तर तो 9.6 मायक्रॉन. हे गणित सातवीच्या मुलींना येतं, त्यांच्याकडूनच करून घ्या. निदान वीस बीजाणू मोजा, निवडून नव्हे, समोर येतील तसे. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी लिहा. बीजाणूत तेलाचे थेंब किती, कुठे, आडवी भिंत आहे का, हे चित्र काढून दाखवा. फोटोपेक्षा चित्र बरं, कारण चित्र काढणारीला नीट पाहावंच लागतं.

एवढं झालं की पुस्तकं उघडायची, आणि इथेच घसरण्याची भीती जास्त. बहुतेक सोप्या ओळख-किल्ल्या, म्हणजे एकेका लक्षणावरून नावाकडे नेणारे तक्ते, ओक, बीच, ॲशच्या पाचोळ्यावर बेतलेल्या आहेत. नागपूरचा कप त्यांतून काढला की शेवटी काहीतरी युरोपीय नाव हातात येतंच, कारण किल्ली कुठेतरी पोहोचवतेच. ॲपचंही तेच होतं. आपल्या देशातलं कपबुरशींचं मोठं काम हिमालयात झालं. पंजाब विद्यापीठातले के. एस. ठिंड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मसुरीच्या डोंगरांतल्या कपबुरशींवर लेखांची मालिकाच लिहिली. पण देवदार आणि बांज (हिमालयातला ओक) यांच्या ओल्या डोंगरातले कप आणि मे महिन्यात 45 अंशांत भाजून निघणारा आपला सागाचा पाचोळा, यांत फार अंतर आहे. म्हणून वर्णन जुळत नसेल तर ते बळजबरीने जुळवू नका. 'लॅक्नमची जात, सागाच्या मधल्या शिरेवर, नागपूर' एवढीच ओळख लिहून थांबणं हेही पूर्ण, बरोबर उत्तर आहे.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलंत. आयटीएस नावाचा जनुकीय तुकडा 2012 पासून बुरशींचा अधिकृत बारकोड मानला जातो. तो वाचून घेता येतो, पण तुलना करायला त्याच जातीची नोंद आधी साठ्यात असावी लागते. नमुना आणि वर्णन नसताना नुसता डीएनएचा क्रम हातात असला तर पुढच्या माणसाला काही तपासता येत नाही. आधी वरचं सगळं करा.

नमुना जपणं सोपं आहे. तुकडे पंख्याखाली सावलीत सुकवा, पावसाळी दमट हवेत सुकेनात तर डब्यात सिलिका जेल घाला, आणि कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर तारीख, जागा, झाडाचं नाव, पानाचा भाग, कुणाला सापडलं त्या मुलीचं नाव आणि जिवंतपणी घेतलेली मापं. सुकलेल्यातून ही मापं पुन्हा मिळत नाहीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर बुरशी संग्रहालय आहे. तिथे जमा झालेल्या नमुन्याला क्रमांक मिळतो आणि पुढे कुणीही अभ्यासक तो मागून पाहू शकतो. नमुना पाठवण्याआधी त्यांना पत्र लिहून नियम विचारा.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. पाचोळा हाताने उपसू देऊ नका, काठीने उलटा आणि मुलींच्या पायांत बूट असू द्या. या दिवसांत पानांखाली विंचू, घोण, कधी साप असतोच. आणि गोरेवाडा किंवा वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय काही उचलू नका, शाळेचं कुंपण तुम्हाला पुरेसं आहे.

पोळ्यापर्यंत पाऊस राहील, म्हणजे अजून निदान दोन-तीन वेळा कप ताजे मिळतील. पुढच्या उघडिपीनंतर तिसऱ्या दिवशी, वरची पानं नव्हे तर एकमेकांना चिकटलेल्या खालच्या थरातली पानं पाहा. मला तीन चित्रं पाठवा: बाहेरचा एक केस, बुडापासून टोकापर्यंत एक पिशवी, आणि गळून पडलेले बीजाणू. त्यांच्या शेजारी मायक्रॉनमधली मापं आणि आयोडीनमध्ये टोकाला आलेला रंग. मग मुलींच्या प्रश्नावर आपण पुन्हा बोलू.